दुसरा फटका

अकोल्याच्या जुन्या शहरात सगदेवांचं घर वादासाठी माहीत होतं. भांडणासाठी नाही, वादासाठी. उद्धवराव सगदेव कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. देव नाही, हे ते नव्या पाहुण्याला चहाबरोबरच सांगून टाकत. त्यांच्या पत्नी शैलाबाई शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. पूजा आटोपल्याशिवाय त्या चहाच्या कपाला हात लावत नसत. आडनावात देव घेऊन फिरणारा माणूस देव नाकारतो, याची त्यांना लग्नापासून गंमत वाटत आली होती.

वाद बहुतेक एकाच विषयावर फिरून यायचा. उद्धवराव वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणायचे, "धर्मानं जितकी माणसं मारली, तितकी साथीच्या रोगांनीही मारली नसतील."

"आणि देव न मानणाऱ्यांनी छावण्या उभारून लाखो लोक उपाशी मारले, ते कोणाच्या खात्यावर?" शैलाबाई आतून विचारायच्या.

"ते सत्तेनं मारले."

"मग हेही सत्तेनंच मारले असतील. तुमच्या बाजूचा मेला की सत्ता, माझ्या बाजूचा मेला की धर्म. छान आहे तुमचा इतिहास."

दोघंही हसायची. हा वाद त्यांच्या संसारात लोणच्यासारखा होता. थोडा रोज लागायचाच.

शेजारी किसनरावांचं घर. बाळापूरकडे त्यांची काळी कसदार जमीन होती. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी अकोल्यात घर बांधलं आणि इथलेच झाले. त्यांचा धाकटा मुलगा पियुष लहानपणापासून सगदेवांकडे वाढल्यासारखाच होता. गीतेचा पंधरावा अध्याय त्याला शैलाबाईंनी शिकवला, आणि पुढे बी.ए.ला तो उद्धवरावांच्या वर्गात बसला. पाठांतर चांगलं, स्वभाव मऊ, कोणी काही सांगितलं तर नाही म्हणता न येणारा. "एकाच पोट्ट्यावर दोघायची शाळा," असं किसनराव कौतुकानं म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात मुलगी इशिता लेकराला घेऊन माहेरी येणार होती, म्हणून शैलाबाईंनी गाद्या पिंजायला दिल्या होत्या. कय्यूमभाई त्यांच्याकडच्या गाद्या वर्षानुवर्षं भरत. साठीचा माणूस, कापसाच्या तंतूंनी भुवया कायम पांढऱ्या झालेल्या. ज्या दिवशी ते हातगाडीवर गाद्या घेऊन आले, त्याच दिवशी दुपारपासून गावात कुजबूज सुरू झाली होती. मोबाईलवर कोणी तरी काही तरी टाकलं होतं. काय टाकलं होतं, हे सांगणाऱ्या दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या. चार वाजायच्या सुमारास दुकानांची शटरं खाली आली आणि इंटरनेट बंद झालं.

"कय्यूमभाई, आत या. आज इथंच थांबा," शैलाबाई म्हणाल्या.

ते आले, ओसरीवर टेकले, पाणी प्यायले. थोडा वेळ बसले. पण त्यांचा जीव लागेना. फोन लावत होते, लागत नव्हता.

"बाई, मले जाऊ द्या. पोरगी घरी एकटी हाय. ती मले शोधाले बाहीर पडली तं मुसीबत होईन."

"रस्ता बरोबर नाही, भाई."

"गल्लीगल्लीनं जातो ना. मले कोन काय करते? अर्ध्या गावाच्या गाद्या माह्याच हातच्या हायेत."

गाडी तिथंच ठेवून ते निघाले. शैलाबाई आणि उद्धवराव वरच्या गॅलरीत जाऊन पाहत राहिले. ऊन अजून लख्ख होतं. कय्यूमभाई कोपऱ्यापर्यंत पोचले आणि समोरून जमाव आला. तीस-चाळीस पोरं. तोंडावर रुमाल बांधलेले काही, काही उघड्या तोंडाचे. कय्यूमभाई भिंतीला चिकटले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. कोणी तरी त्यांची टोपी उडवली. कोणी ढकललं. मग एका पोरानं समोरच्या बांधकामावरून उचललेली लोखंडी सळई त्यांच्या खांद्यावर घातली. कय्यूमभाई गुडघ्यावर आले.

त्या पोराच्या तोंडावरचा रुमाल घसरला होता.

"पियुष!" शैलाबाई ओरडल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. "पियुष!"

त्यानं वर पाहिलं. सरळ त्यांच्याकडे. क्षणभर सगळा जमाव थांबल्यासारखा झाला. मग पियुषनं मान खाली घातली, सळई उचलली आणि दुसरा फटका मारला. हा डोक्यावर बसला.

उद्धवरावांनी बायकोला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. शैलाबाईंनी ते उघडलं, जिना उतरल्या, फाटकाबाहेर धावल्या. तोवर जमाव पुढे निघून गेला होता. कय्यूमभाई भिंतीशी पडले होते. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या रस्त्यातच बसल्या. पोलिसांची गाडी आली तेव्हा भाई गेले होते.

*

संचारबंदी सुटून चार-पाच दिवस झाले, तशी शैलाबाई कय्यूमभाईंच्या घरी गेल्या. त्यांची मुलगी नसरीन उर्दू शाळेत शिकवायची. ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

"बाई, घरी रोज लोक येऊन राहिले," ती म्हणाली. "एक येतात, म्हणतात हे सरकारनं केलं. दुसरे म्हणतात तुमच्याच पोरांनी आधी दगड मारला. तिसरे म्हणतात, धर्म आहे तोवर हे चालणारच. एक जण म्हणाले, ज्यांनी केलं त्यांना देवाचं भय उरलं नाही. सगळ्यांना माहीत आहे अब्बूंना कशानं मारलं. कोणी मारलं, ते कोणालाच माहीत नाही. पोलिसांनी लिहिलंय, अज्ञात जमाव."

शैलाबाईंच्या जिभेवर नाव आलं होतं. पण ते इथं, या पोरीच्या ओटीत टाकून उपयोग नव्हता. ते पोलिसांना सांगायचं होतं; त्या दिवशी त्यांनी काही न विचारताच बाईंना घरात पाठवलं होतं. "सांगते मी," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आल्या तर उद्धवराव टेबलाशी बसून लिहीत होते. अमरावतीच्या एका साप्ताहिकाला लेख हवा होता.

"पोलीस येऊन गेले," ते मान वर न करता म्हणाले. "घरोघर विचारून राहिले होते."

"मग? सांगितलंत?"

उद्धवरावांनी पेन खाली ठेवलं. "मी म्हटलं, सगळं शांत झाल्यावर तू खाली गेलीस, तोवर आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. कोणी दिसलं नाही."

शैलाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"तुम्ही खोटं बोललात?"

"इशिता आली आहे घरी. तान्हं लेकरू आहे. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे, शैला. आणि तू विचार कर, एका पियुषला आत टाकून काय होणार? उद्या दुसरा पियुष तयार होईल. प्रश्न त्या पोराचा नाही. त्याच्या डोक्यात जे विष भरलं, त्याचा आहे. मी त्याच्यावरच लिहितो आहे."

"तुम्ही विषावर लिहा. सळई विषानं नाही उचलली."

"शैला, मोठं चित्र पाहा."

"मोठंच पाहिलं मी. पन्नास फुटांवरून पाहिलं."

त्या तेव्हाच ठाण्यात जायला निघाल्या होत्या. मग उंबऱ्याशी थांबल्या. पियुष संचारबंदी सुटताच बाळापूरला शेतावर पाठवला गेला होता. त्याच्याबद्दल पोलिसांना सांगण्याआधी त्याच्या तोंडावर सांगायचं, हे त्यांनी ठरवलं. शिकवलेल्या मुलाला पाठीमागून धरणं त्यांना मान्य नव्हतं. इशिता परत गेली, उद्धवरावांचा लेख छापून आला, आणि मग एका सकाळी शेजारच्या अंगणात पियुषची मोटरसायकल दिसली.

शैलाबाई सरळ किसनरावांच्या ओसरीवर गेल्या. किसनराव पेपर वाचत होते. त्यांची बायको आशाबाई ज्वारी निवडत होती. पियुष आतून आला आणि त्यांना पाहून जागच्या जागी थांबला.

"ये इकडे," शैलाबाई म्हणाल्या. "कय्यूमभाईंना ओळखत होतास?"

"हो, बाई. आमच्या बी गाद्या त्यायनंच भरल्या."

"त्यांचा राग होता तुला?"

"नाई."

"मग काहून मारलं?"

"बाई, हळू बोला," किसनराव उठून उभे राहिले.

पियुष जमिनीकडे पाहत होता. "सगळेच मारून रायले होते. म्या नसतं मारलं तं दुसऱ्या कोनी मारलं असतं."

"देवासाठी मारलं?"

तो गोंधळला. परीक्षेत न वाचलेल्या धड्यावरचा प्रश्न आल्यासारखं त्याचं तोंड झालं. "देवाचं काई... तसं काई डोक्यात नव्हतं, बाई. घोषणा चालू होत्या. बस."

"मी हाक मारली. तू वर पाहिलंस."

"हो."

"ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मग?"

त्यानं एकदा बापाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाला, "तुमी नाव घेतलं ना, बाई. सगळे माह्याकडे पाहाले लागले. आता मांग कसा सरू, आसं झालं. तुमी नसती हाक मारली तं..."

पुढचं त्यानं गिळलं. आशाबाईंचे सुपातले हात थांबले.

त्या दिवसापासून शैलाबाईंच्याच मनात जे सरपटत होतं ते आता समोर येऊन उभं राहिलं होतं. पण त्या मागे हटल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते मी अंगावर घेणार नाही, पियुष. मी थांब म्हणून हाक मारली. तू थांबू शकत होतास. चाळीस जणांत तुझ्या एकट्याच्या नावानं हाक आली होती."

किसनरावांनी मध्ये हात घातला. "बाई, पोट्ट्याचा काय दोष? हवाच तशी होती. आन् सर तं सोताच लिहून रायले. वाचला म्या सरायचा लेख. त्यात लिवलं हाय, ही पोरं गुन्हेगार नाईत, धर्मानं त्यायचा बळी घेतला म्हून. एवढा शिकलेला मानूस म्हन्ते, धर्मानं केलं. मंग माह्या पोराचं नाव काहून घेता?" त्यांनी साप्ताहिकाचा तो अंक खरोखरच कपाटावरून काढून दाखवला. "आन् आमचे महाराज म्हन्तात, खऱ्या धर्माचा मानूस आसं करूच शकत नाई, हे अधर्मानं केलं. दोघंबी सांगून रायले ना, पोट्ट्यानं नाई केलं म्हून!"

शैलाबाईंनी त्या ओळी स्वतः वाचल्या. किसनराव बरोबर वाचत होते. लेखात तसंच लिहिलं होतं.

*

"वाचलं त्यांनी तुमचं," घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नीट वाचलं. वकिलापेक्षा चांगला लेख लिहिलात तुम्ही त्या पोरासाठी."

उद्धवरावांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "परवा अमरावतीला माझं भाषण आहे. चल माझ्याबरोबर. पूर्ण विचार ऐक. मग तुला जे करायचं ते कर, मी अडवणार नाही."

"ऐकते. त्यानंतर ठाण्यात जाणार."

अमरावतीच्या त्या सभागृहात गर्दी होती. विषयाचा फलक मोठा लावला होता: 'सामूहिक हिंसेला जबाबदार कोण, धर्म की नास्तिकता?' एका बाजूला उद्धवराव, दुसऱ्या बाजूला मोर्शीकडचे एक नावाजलेले प्रवचनकार महाराज. दोघंही चांगले बोलणारे. शैलाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या.

उद्धवरावांनी सुरुवात केली. धर्मयुद्धं, फाळणी, जाळलेल्या बायका, पाडलेली घरं. शेवटी ते अकोल्यावर आले. "नुकताच आमच्या शहरात एक गादीवाला मारला गेला. त्याला कोणी मारलं? मी सांगतो, त्याला हजारो वर्षांच्या द्वेषानं मारलं." टाळ्या पडल्या.

महाराज उठले. शांत, मिठास आवाज. देव न मानणाऱ्या राजवटींनी बांधलेल्या तुरुंगांची नावं त्यांनी एकामागून एक घेतली. देशामागून देश, आकड्यांमागून आकडे. "जिथं देव मेला तिथं माणूस जनावर झाला," ते म्हणाले. "आणि अकोल्याचं म्हणाल, तर त्या जमावात एक तरी खरा भक्त होता का? ज्याच्या हृदयात ईश्वर आहे त्याचा हात उठेलच कसा? त्या बिचाऱ्याला श्रद्धेच्या अभावानं मारलं." याहून जास्त टाळ्या पडल्या.

तीस वर्षं स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये चाललेला हा वाद आपणच इतक्या हौसेनं वाढवला, असं शैलाबाईंच्या मनात आलं. आणि आता त्यात कय्यूमभाई एखाद्या उदाहरणासारखे इकडून तिकडे टोलवले जात होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. त्यांनी हात वर केला. संयोजकानं ओळखून हसत माइक दिला. "सरांच्या सौभाग्यवती! आता घरचाच प्रश्न."

"माझा प्रश्न दोघांना आहे," शैलाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. सर म्हणाले, गादीवाला मारला गेला; महाराज नुसतंच बिचारा म्हणाले. त्यांचं नाव कय्यूमभाई होतं. ते मारले गेले नाहीत. त्यांना मारलं. त्या वाक्याला कर्ता लागतो, आणि कर्त्याला हात लागतात. द्वेषाला हात नसतात. श्रद्धेच्या अभावाला तर नसतातच."

"बाई, प्रश्न विचारा," संयोजक म्हणाला.

"तोच विचारते आहे. महाराज, मी देव मानते. तुमच्याइतकीच मानते. सर देव मानत नाहीत. आम्ही दोघं एकाच गॅलरीत उभे होतो. ज्यानं मारलं त्याला मी गीता शिकवली आणि यांनी इतिहास. त्याच्या डोक्यात त्या वेळी माझाही धडा नव्हता आणि यांचाही नव्हता. मी विचारलं त्याला. त्याला भाईंचा राग नव्हता. त्याला देवाची आठवण नव्हती. चार लोक पाहत होते, एवढंच होतं. मी नावानं हाक मारली, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग दुसऱ्यांदा मारलं. त्या मधल्या क्षणात तो मोकळा होता. त्याच्या मागे धर्म नव्हता, पुढे नास्तिकता नव्हती, तो होता. आणि तुम्ही दोघं विद्वान माणसं तेवढाच क्षण त्याच्या आयुष्यातून पुसून टाकता आहात. काहून?"

सभागृहात कुजबूज वाढली. मागून कोणी ओरडलं, "नाव सांगा ना मग!" दुसरा ओरडला, "खाली बसवा यांना!"

"पियुष," त्या म्हणाल्या. "पियुष किसनराव—"

माइक बंद झाला. संयोजकानं बटण दाबलं होतं. शैलाबाईंनी माइक खुर्चीवर ठेवला आणि पूर्ण नाव माइकशिवाय सांगितलं. मागच्या बाकापर्यंत पोचणारा तोच आवाज. मग वळून त्या दाराकडे चालू लागल्या. मंचावर उद्धवराव टेबलाची कड धरून बसले होते. त्यांनी समारोपाचं भाषण केलं नाही.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं. मग उद्धवराव म्हणाले, "मी घाबरलो होतो."

"माहीत आहे."

"विचार म्हणून बोललो, पण घाबरलो होतो म्हणून बोललो."

"मीही घाबरलेलीच आहे," शैलाबाई म्हणाल्या. "पण मी घाबरले म्हणून भाई दुसऱ्या कोणी मारले असं होत नाही."

सकाळी त्या पूजा आटोपून दाराशी आल्या, तर उद्धवराव चपला घालून आधीच फाटकाशी उभे होते.

ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं दोघांना बसवलं, आणि मग सुस्कारा टाकून म्हणाला, "सर, तुम्ही तर म्हणाला होता, कोणी दिसलं नाही."

"खोटं बोललो होतो," उद्धवराव म्हणाले. "आता खरं लिहून घ्या. आधी तिचं घ्या. तिनं जास्त पाहिलं."

*

पुढचं सोपं नव्हतं. पियुषला अटक झाली त्या संध्याकाळी सगदेवांच्या फाटकावर शेण फेकलं गेलं. दूधवाल्यानं दूध बंद केलं. शैलाबाईंच्या भजनी मंडळातल्या बायकांनी निरोप पाठवला, की काही दिवस येऊ नका, वातावरण बरं नाही. पुढच्या गुरुवारी शैलाबाई नेहमीच्या वेळेला टाळ घेऊन मंदिरात गेल्या. बायका उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसल्या. त्या एकट्याच खांबाशी बसून म्हणत राहिल्या, सगळी भजनं, आरतीपर्यंत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेल्या. "देव काही मंडळाच्या मालकीचा नाही," असं त्यांनी पुजाऱ्याला सांगितलं. त्यानं त्यांना प्रसाद दिला.

उद्धवरावांच्या मित्रांनीही त्यांना सोडलं नाही. एक जण घरी येऊन म्हणाला, "सर, तुम्ही चळवळीचा मुद्दा एका पोराच्या पोलीस केसमध्ये घालवला. व्यवस्थेचा प्रश्न होता."

"व्यवस्थेवर मी उद्याही बोलेन," उद्धवराव म्हणाले. "पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात व्यवस्था येत नाही. तिथं मला जायचं आहे."

खटला उभा राहायला वेळ लागला. मध्ये पियुष जामिनावर सुटला आणि शेजारच्याच घरी राहू लागला. सकाळी फाटकाशी समोरासमोर यायचे. तो मान खाली घालायचा. शैलाबाई घालत नसत. एकदा रात्री मोटरसायकलवरून कोणी तरी येऊन ओरडून गेलं, साक्ष दिली तर घर राहणार नाही. सकाळी त्यांनी इशिताला फोन केला. "आई, इकडे ये निघून," ती रडत म्हणाली. "येईन," त्या म्हणाल्या, "कोर्टाची तारीख झाली की."

साक्षीच्या दिवशी शैलाबाईंनी ईश्वराची शपथ घेतली. त्यांच्यानंतर उद्धवरावांनी ईश्वराचं नाव न घेता सत्यप्रतिज्ञा केली. दोघांनी सांगितलं ते एकच होतं.

बचावाच्या वकिलानं शैलाबाईंना विचारलं, "तुमचे यजमान वर्षानुवर्षं धर्माविरुद्ध लिहितात. धर्माला बदनाम करायला एका धार्मिक मुलाला अडकवलं, असं नाही का?"

"मी रोज पूजा करते. आजही करून आले. धर्माला बदनाम करायचं असतं, तर मी धर्माचं नाव घेतलं असतं. मी पियुषचं नाव घेतलं आहे."

"जमावात माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो. मान्य आहे तुम्हाला?"

"जमाव हाकेनं थांबला होता. त्यानं वर पाहिलं, ओळखलं. मग मारलं. जो ताब्यात नसतो तो हाकेला मान वर करत नाही."

"तुम्ही हाक मारली नसती तर दुसरा फटका बसलाच नसता, असंही म्हणता येईल."

शैलाबाईंनी वळून न्यायाधीशांकडे पाहिलं.

"म्हणता येईल," त्या म्हणाल्या. "पण मला पुन्हा गॅलरीत उभं केलंत, तर मी पुन्हा हाक मारीन."

उद्धवरावांना वकिलानं त्यांचा लेख वाचून दाखवला. 'ही पोरं गुन्हेगार नाहीत.' "हे खरं, की तुमची आजची साक्ष खरी?"

"साक्ष खरी," उद्धवराव म्हणाले. "लेख चुकला होता. मीच लिहिला होता, म्हणून मीच सांगतो."

निकालाच्या दिवशी नसरीन मागच्या बाकावर बसली होती. नंतर पकडलेल्या इतर आरोपींची ओळख पटली नाही म्हणून ते सुटले. पियुषला जन्मठेप झाली. हाक ऐकून, ओळखूनही पुन्हा घातलेला तो फटका न्यायाधीशांनी वेगळा वाचून दाखवला. अपील नागपूरला जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शैलाबाईंना आनंद झाला नाही. पंधरावा अध्याय म्हणणारं लहान पोर त्यांना दिसत राहिलं, आणि मांडीवरचं डोकंही. दोन्ही एकाच वेळी. नसरीन बाहेर पडताना त्यांच्याजवळ आली, त्यांचा हात नुसता दाबला आणि गेली.

व्हरांड्यात आशाबाई वाट अडवून उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

"माह्या लेकराले तुमी शिकवलं, तुमीच बुडवलं," ती म्हणाली. "तुमचा देव तुमाले माफ करन का, बाई?"

उद्धवराव पुढे झाले. शैलाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"माहीत नाही, आशाबाई," त्या म्हणाल्या. "नाही केलं तर नाही. त्याच्यापुढेही मी हेच सांगणार आहे."

आशाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. शैलाबाई तिच्याजवळ थांबल्या. तिनं त्यांचा हात झिडकारला. तरी त्या थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग एक हवालदार लगबगीनं आला.

"बाई, समोरच्या गेटवर पोट्टे जमून रायले. घोषणा देऊन रायले. तुमी मांगच्या गेटनं चला, गाडी तिकडंच लावली हाय."

शैलाबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर नीट बसवला. समोरच्या फाटकाकडून आरडाओरडा इथवर ऐकू येत होता.

"तुमची गाडी इकडे आणा, नाही तर नका आणू," त्या म्हणाल्या. "आम्ही काही चोरी करून आलेलो नाही. समोरूनच जाणार."

हवालदारानं उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवरावांनी खांदे उडवले आणि बायकोच्या शेजारी चालायला लागले. पायऱ्यांखाली ऊन पडलं होतं. पोरांनी त्यांना पाहिलं आणि आवाज वाढवला. शैलाबाई त्या आवाजाच्या दिशेनं, एकेकाच्या तोंडाकडे पाहत, सरळ चालत गेल्या.